लाटण्याची मूठ

पिस्तूल त्याचं, परवाना त्याचा,
हात तेवढे माझे.
आमचा करार असा, की काम संपेस्तोवर
हमूद अल-रियामी माझ्या लेथपाशी स्टूल ओढून बसणार
आणि पिस्तूल नजरेआड होऊ देणार नाही.
जावळाला मामा बसतो, तसा बसतो.

शुक्रवारी निझव्याच्या बाजारात
बकऱ्यांचा लिलाव उरकल्यावर
किल्ल्याच्या सावलीत त्यानं ते घेतलं.
बेल्जमचं, म्हातारं,
अंगावरची निळाई पार उडालेली,
नळी मात्र आतून आरसा.
विकणारा म्हणाला, काकांचं आहे.
हमूदनं घासाघीस केली नाही.
मेलेल्या माणसाच्या वस्तूचा भाव पाडू नये, म्हणतो.
(जिवंत माणसाच्या मजुरीचा पाडतो.)

तिसऱ्या गोळीला अडकायचं.
दोन सुरळीत, मग तिसरी
उंबऱ्यात अडखळायची, अर्धी आत, अर्धी बाहेर.
हमूदकडे अशी बावीस आहेत,
आणि एक वही, तिच्यात बावीस जणांची दुखणी.
कुणाचा घोडा जड, कुणाची माशी वाकडी,
एक नुसतंच हट्टी.
हे तेविसावं.

रिकामं आहे ना, ते आधी मी पाहिलं,
मग त्यानं, मग पुन्हा मी.
भिंग लावलं. टरफल ओढणारा आकडा
मांजराच्या नखासारखा शाबूत.
तेल पुसलं, तेल घातलं, परत पुसलं.
दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या देऊन तो मैदानावर जाऊन आला.
तिसरीच.

तेव्हा मॅगझीन उघडलं
आणि स्प्रिंग टेबलावर ठेवली.
ती जेमतेम ताठली, मग पडून राहिली.

हमूद म्हणाला, काकांनी तीस वर्षं भरून उशाशी ठेवलं असेल,
दबून दबून मेली.
मी म्हणालो, नाही.
दबून राहिल्यानं स्प्रिंग मरत नाही.
दाब-सोड, दाब-सोड, यानं मरते.
उद्यमनगरात वामनमिस्त्रीनं हे मला
कानाखाली वाजवून शिकवलंय.
काका रोज रात्री भरत असणार
आणि पोरं उठायच्या आत रिकामं करत असणार.

हमूद बराच वेळ काही बोलला नाही.
चहा निवला.
कुणाला भीत होता, त्यानं विचारलं, मला,
जसं काही मी त्या घरात राहत होतो.

एकोणीस वर्षं.
दर दोन वर्षांनी चाळीस दिवस.
आकडा मनात आला, मी तो तिथंच ठेवला,
तारेची जाडी मोजायची होती.

नवी स्प्रिंग मागवली. राहिली मूठ.
जुन्या पट्ट्या तडकलेल्या, त्याला लाकूड हवं होतं,
काळपट, जड, इथलं नसलेलं.
फर्कच्या सनाईयात असलं लाकूड कुठलं?
खोलीवर गेलो, लाटणं घेऊन आलो.
शालननं पहिल्या खेपेला ट्रंकेत घातलेलं, शिसवीचं,
सासूबाईंच्या हातचं गुळगुळीत.
उभं चिरलं. दोन जुळी फाकं.
करवतीखालून भाजल्या पिठाचा वास आला
आणि हमूदनं मान वर केली.
वर चौकड्या कोरल्या, बोट घसरू नये म्हणून.
शंकरपाळ्या कातायची सवय, रेघ चुकली नाही.

गुरुवारी मैदानावरून त्याचा फोन.
बोलला नाही, नुसता चालू ठेवला.
मी लेथ बंद करून मोजत राहिलो.
एक. दोन.
तीन.
मग सात होईस्तोवर मोजलंच नाही नीट.
नंतर त्याच्या हिंदीत म्हणाला,
उस्ताद, हे हातात धरलं की भूक लागते.

रात्री शालन. जेवलात का, काय केलंत.
खुबूस, मी म्हणालो.
का, लाटणं कुठं गेलं?
मोडलं.
ती जरा थांबली. मोडणारं नव्हतं ते, म्हणाली.
मग म्हणाली, पाटलांचा पोरगा यायचाय तिकडं,
त्याच्याकडं देते नवं.

शिसवीचंच बघ, मी म्हणालो.
आणि जरा जाड.